प्रत्येक पावतीनंतर चेकपॉइंट चालवावा का? ट्रान्झॅक्शन आणि चेकपॉइंट यांचं आतलं नातं

वडणगेकर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या काही दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर नुकतंच माझ्याकडे देखभालीला आलंय. संस्थेच्या ऑफिसात विंडोजचा एक पीसी आहे, त्यावरच पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस चालतो. सकाळ-संध्याकाळ दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) नोंदवायचं, दर काढायचा, पावती द्यायची. दर दहा दिवसांनी बिल.

मूळ कोड दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय. त्यात पावती सेव्ह झाली की कमिट (म्हणजे बदल पक्का करायची कमांड), आणि लगेच खालच्या ओळीत चेकपॉइंट (मेमरीतले बदल डेटा फाइलींमध्ये लिहायची) ही कमांड. शेजारी कॉमेंट आहे, ‘लाईट गेली तर डेटा जाऊ नये म्हणून’. गर्दीच्या वेळी पावती यायला चांगलाच वेळ लागतो, माणसं किटल्या घेऊन रांगेत ताटकळत असतात. मला ती ओळ काढायची आहे, पण हा सभासदांच्या पैशांचा हिशोब आहे, त्यामुळे नीट समजल्याशिवाय हात लावणार नाही.

कमिट झालं, चेकपॉइंट व्हायचाय, आणि लाईट गेली तर पावती राहते का? उलट, चेकपॉइंट आला तेव्हा एखादं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द व्हायचे बदल) अर्धवट असेल तर ते अर्धवटच डिस्कवर जातं का? आणि बिलाचं ट्रान्झॅक्शन मोठं असतं, तर चेकपॉइंट ते संपायची वाट बघत थांबतो का? लाईट जाणं आमच्याकडे काही नवं नाही, त्यामुळे उत्तर पक्कं हवंय.

शिरोली_नाका

ओळ काढून टाक भावा. कमिट यशस्वी होऊन परत आलं म्हणजे पावती राहिली. त्यासाठी चेकपॉइंट लागत नाही.

बिंदू_चौक

एवढं ठाम कसं सांगता? कमिट झालं तरी बदल मेमरीतच असतो आणि डेटा फाइलमध्ये चेकपॉइंटलाच जातो ना? मग मधल्या वेळेत लाईट गेली तर मेमरीतलं सगळं पुसलं जाणार. त्या कोडवाल्याचं चुकलं कुठं?

जुना_राजवाडा

बिंदू_चौक, मेमरीतलं पुसलं जातं हे बरोबर. पण कमिट झालेली गोष्ट फक्त मेमरीत नसते.

संस्थेचे सेक्रेटरी वहीवर हिशोब ठेवायचे तेव्हाची रोजकीर्द आणि खतावणी आठवा. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत, जसा घडला त्या क्रमाने, एकाखाली एक. सभासदाच्या खात्यावर तो खतवायचं काम मागनं, सवडीनं. खतावणी मागे पडली म्हणून व्यवहार बुडत नाही, रोजकीर्द शाबूत असली की ती कधीही पुरी करता येते. पोस्टग्रेसमध्ये वॉल नावाचा जो लॉग असतो तो रोजकीर्द. टेबलं आणि इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूची) यांच्या फाइली म्हणजे खतावणी. चेकपॉइंट म्हणजे रोजकीर्दीच्या समासात केलेली खूण, की इथवरचं सगळं खतवून झालंय.

आता नेमका क्रम. पावती इन्सर्ट झाली की पोस्टग्रेस त्या टेबलाचं ८ केबीचं पान मेमरीत आणतं, त्यात ओळ घालतं, आणि ‘या पानात हा बदल केला’ अशी नोंद वॉलमध्ये करतं. प्रत्येक नोंदीला वॉलमधला तिचा पत्ता असतो, त्याला एलएसएन म्हणतात, आणि शेवटचा बदल कोणत्या एलएसएनचा हे त्या पानाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. कमिट म्हटलं की वॉलमध्ये कमिटची नोंद पडते आणि तिथवरचा वॉल डिस्कवर ढकलला जातो. डिस्कनं ‘पोचलं’ म्हटल्यावरच तुमच्या प्रोग्रॅमला उत्तर मिळतं. टेबलाचं पान अजून मेमरीतच आहे, आणि असू दे. ते मागनं जाईल.

असं का करतात? पावत्यांचं टेबल, त्याचे दोन-तीन इंडेक्स, सभासदाच्या शिलकीचं टेबल, ही सगळी पानं डिस्कवर विखुरलेली. प्रत्येक कमिटला ती सगळी लिहायची म्हणजे दहा ठिकाणी धावपळ. वॉल मात्र १६ एमबीच्या फाइलींमध्ये सलग लिहिला जातो. एका ठिकाणी थोडंसं लिहिलं की कमिट झालं.

लाईट येऊन सर्व्हर सुरू झाला की तो आधी पीजी_कंट्रोल ही छोटी फाइल बघतो. शेवटचा चेकपॉइंट कुठला आणि वॉल कुठून वाचायला घ्यायचा हे तिच्यात असतं. तिथून पुढची एकेक नोंद घेऊन तो पानांवर पुन्हा लागू करतो. पानावरचा एलएसएन नोंदीइतका किंवा तिच्या पुढचा असेल तर तो बदल आधीच पोचलाय, तो सोडून देतो.

म्हणजे बघा, पावती वाचते ती कमिटमुळे. चेकपॉइंटमुळे ठरतं ते एवढंच, की उठल्यावर वॉल किती मागून वाचायचा आणि जुन्या वॉल फाइली कुठवर मोकळ्या करायच्या.

बिंदू_चौक

आलं लक्षात. पण मग प्रत्येक पावतीनंतर चेकपॉइंट केला तर बिघडतंय काय? वेळ जास्त जाईल, पण पानंही लगेच जागेवर पोचतील. पैशांच्या कामाला डबल खात्री असलेली बरी.

शिरोली_नाका

डबल खात्री होत नाही, उलट डिस्कवर डबल ओझं पडतं. दोन कारणं.

एक म्हणजे सर्व्हर आपणहून जो चेकपॉइंट करतो तो आरामात करतो. डिफॉल्टला दर ५ मिनिटांनी, किंवा वॉल वाढत वाढत १ जीबीच्या मर्यादेकडे जायला लागला तर त्याआधी. आणि चेकपॉइंट_कम्प्लिशन_टार्गेट आवृत्ती १४ पासून ०.९ आहे, म्हणजे पानं लिहायचं काम तो पुढच्या साडेचार मिनिटांत पसरवतो. त्यामुळे काट्यावरच्या माणसाला काही जाणवत नाही. हातानं चेकपॉइंट कमांड दिली की हे पसरवणं बंद. मेमरीतली बदललेली सगळी पानं, तुमच्या पावतीशी संबंध नसलेलीसुद्धा, ताबडतोब लिहायची, डिस्ककडून ‘पोचलं’ येईतो थांबायचं, आणि मगच प्रोग्रॅम पुढे. रांग त्यामुळे लांबते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ८ केबीचं पान लिहिता लिहिता लाईट गेली तर अर्धं नवं, अर्धं जुनं असं फाटकं पान डिस्कवर राहू शकतं. फाटक्या पानावर छोटा बदल लागू करून ते दुरुस्त होत नाही. म्हणून चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की पोस्टग्रेस ते अख्खं पानच वॉलमध्ये टाकतं. फुल_पेज_राइट्स ते हेच. त्यानंतर पुढच्या चेकपॉइंटपर्यंत त्या पानावरच्या बाकीच्या बदलांना छोटी नोंद पुरते. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक पावतीनंतर चेकपॉइंट, म्हणजे प्रत्येक पावती ही पहिलीच. शे-दोनशे बाइटच्या पावतीसाठी टेबलाचं पान, प्रत्येक इंडेक्सचं पान, शिलकीचं पान, सगळी अख्खीच्या अख्खी वॉलमध्ये जाणार. पीजी_स्टॅट_वॉलमध्ये वॉल_एफपीआय असा रकाना आहे, वॉलमध्ये किती अख्खी पानं गेली याचा, तो सकाळच्या संकलनाआधी आणि नंतर बघा.

सागरमाळ

सगळ्यांनी छान मांडलंय. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना हाच विषय शिकवते, म्हणून वडणगेकरांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. जुना_राजवाडा काकांच्या उदाहरणात तो भाग राहून जातो.

रोजकीर्दीतून खतवताना सेक्रेटरी पक्का व्यवहारच खतवतो. डेटाबेसचा चेकपॉइंट तसं करत नाही. पान बदललेलं आहे का, एवढंच तो बघतो. तो बदल करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचं कमिट झालंय की नाही हे तो विचारतच नाही. एकाच पानात दहा वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनच्या ओळी असू शकतात, त्यातल्या सात पक्क्या, तीन अर्धवट. पान अख्खं जातं. म्हणजे तुमच्या बिलाचं अर्धवट काम डेटा फाइलमध्ये नक्कीच जाऊ शकतं. आणि त्यासाठी चेकपॉइंटही लागत नाही. मेमरीत जागा कमी पडली की एखादं बदललेलं पान बाहेर काढून लिहिलं जातं, बॅकग्राउंड रायटरही लिहितो.

याला शास्त्रीय नावं आहेत. कमिट न झालेलं पान डिस्कवर जाऊ द्यायचं याला ‘स्टील’, आणि कमिटच्या वेळी पानं डिस्कवर गेलीच पाहिजेत असा आग्रह न धरायचा याला ‘नो-फोर्स’. हेर्डर आणि रॉयटर या संशोधकांच्या १९८३ च्या लेखात ही मांडणी आहे. ट्रान्झॅक्शनच्या चार गुणांचं ‘अॅसिड’ हे संक्षिप्त नावही त्याच लेखातलं. पोस्टग्रेस, ओरॅकल, मायएसक्यूएलचं इनोडीबी, एसक्यूएल सर्व्हर ही सगळी स्टील आणि नो-फोर्स पद्धतीची.

हे सगळं एका नियमावर उभं आहे: एखादं पान डिस्कवर लिहिण्याआधी, त्या पानाच्या डोक्यावरच्या एलएसएनपर्यंतचा वॉल डिस्कवर गेलेला असलाच पाहिजे. पान आधी आणि लॉग नंतर, असं कधीच घडू द्यायचं नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर टेस्टच्या मशिनवर करा, संस्थेच्या नको. दोन विंडो उघडा. पहिलीत बिगिन करून (म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू करून) पावतीच्या टेबलात एक ओळ घाला आणि कमिट न करता तशीच ठेवा. दुसरीतून चेकपॉइंट चालवा. तो पहिलीसाठी अडून बसणार नाही, पूर्ण होईल. मग सर्व्हर इमिजिएट मोडमध्ये बंद करा. त्यात शेवटचा चेकपॉइंट होत नाही, त्यामुळे पुन्हा सुरू होताना रिकव्हरी, म्हणजे वॉल वाचून पुन्हा लागू करणं, करावी लागते. (लाईट जाण्याची ही हुबेहूब नक्कल मात्र नव्हे, कारण ऑपरेटिंग सिस्टिमची मेमरी शाबूत राहते.) सर्व्हर सुरू झाल्यावर सिलेक्ट करा, ती ओळ दिसणार नाही. आता पेजइन्स्पेक्ट हे एक्स्टेन्शन टाकून हीप_पेज_आयटम्सनं तेच पान उघडा.

वडणगेकर

मॅडम, करून बघितलं. सिलेक्टमध्ये ओळ नाही, पण पानात आहे! टी_एक्समिनच्या रकान्यात त्या अर्धवट ट्रान्झॅक्शनचा नंबरसुद्धा तसाच आहे. मला वाटलं होतं रिकव्हरीत ती पुसली जाईल. मग सिलेक्टला कसं कळतं की ही ओळ धरायची नाही?

सागरमाळ

पोस्टग्रेस ती पुसत नाही. प्रत्येक ट्रान्झॅक्शनचं काय झालं याची वेगळी नोंद पीजी_एक्सॅक्ट या फोल्डरमध्ये असते, जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव सीलॉग. एका ट्रान्झॅक्शनला फक्त २ बिट. ०० म्हणजे चालू, ०१ कमिट, १० रद्द, ११ सबट्रान्झॅक्शनसाठी. एका बाइटमध्ये चार, म्हणजे ८ केबीच्या एका पानात ३२,७६८ ट्रान्झॅक्शनचं भवितव्य मावतं.

तुमच्या अर्धवट ट्रान्झॅक्शनचे बिट ०० राहिले. सिलेक्टला ओळीवर तो नंबर दिसला. हा नंबर आत्ता कुणी चालवतंय का? नाही, सर्व्हर तर नुकताच उठलाय. कमिटची खूण आहे का? नाही. मग ते रद्दच. व्हॅक्यूम येऊन ती जागा मोकळी करेल तोवर ओळ तिथं मेलेली पडून राहील. पोस्टग्रेसच्या रिकव्हरीत मागे फिरवायचा टप्पाच नाही, फक्त पुढे लागू करायचं.

आता तिसरा प्रश्न, चेकपॉइंट ट्रान्झॅक्शनसाठी थांबतो का. मोठं बिलाचं ट्रान्झॅक्शन अर्धा तास चालू असलं तरी थांबत नाही, आणि ट्रान्झॅक्शनही चेकपॉइंटसाठी थांबत नाही. पण एक अगदी अरुंद जागा अशी आहे जिथं चेकपॉइंटला खरोखर थांबावं लागतं. आतलं नातं खरं तर तिथंच कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चेकपॉइंट हा एका क्षणात होत नाही. सुरुवातीला तो वॉलमधली एक जागा ठरवतो, तिला रिडू पॉइंट म्हणूया. मग सीलॉग आणि सगळी बदललेली पानं लिहितो. त्यात मिनिटं जातात, तोवर नवी ट्रान्झॅक्शन चालूच असतात. सगळं लिहून झालं की वॉलमध्ये चेकपॉइंटची नोंद करतो आणि शेवटी पीजी_कंट्रोल बदलतो. क्रॅश झाला तर वाचन सुरू होतं ते रिडू पॉइंटपासून, चेकपॉइंटच्या नोंदीपासून नव्हे. पीजी_कंट्रोलडेटा चालवलंत तर चेकपॉइंटची जागा आणि रिडूची जागा अशा दोन वेगळ्या ओळी दिसतील.

त्याचवेळी एका पावतीचं कमिट चाललंय असं धरा. त्यात पायऱ्या दोन: वॉलमध्ये कमिटची नोंद करून ती डिस्कवर पोचवायची, आणि मग सीलॉगमध्ये ०१ लिहायचं. समजा पहिली पायरी झाली, दुसरी व्हायचीय. नेमक्या त्या फटीत चेकपॉइंटनं आपला रिडू पॉइंट कमिटच्या नोंदीच्या पुढे ठरवला आणि सीलॉग डिस्कवर लिहून टाकला. त्या सीलॉगमध्ये ही पावती अजून ०० आहे. मग पावतीवाल्यानं मेमरीत ०१ केलं, माणसाच्या हातात पावती पडली, चेकपॉइंट पूर्ण झाला, आणि लाईट गेली.

उठल्यावर वाचन रिडू पॉइंटपासून. कमिटची नोंद त्याच्या मागे, म्हणजे ती वाचलीच जाणार नाही. डिस्कवरच्या सीलॉगमध्ये ००. कमिट झालेली पावती रद्द ठरली! वॉल डिस्कवर सुखरूप असूनही.

हे होऊ नये म्हणून कमिट करणारी प्रोसेस पहिल्या पायरीच्या आधी स्वतःवर एक झेंडा लावते, ‘मी कमिटच्या मधोमध आहे, चेकपॉइंटनं दम धरावा’. दुसरी पायरी झाली की झेंडा उतरतो. चेकपॉइंट रिडू पॉइंट ठरवल्यावर असे झेंडे लावलेल्यांची यादी घेतो आणि तेवढ्यांचे झेंडे उतरेपर्यंत थांबतो, मगच सीलॉग लिहायला घेतो. पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये ‘delayChkpt’ नावानं शोधा, तिथल्या कॉमेंटमध्ये हेच कारण लिहिलंय. थांबणं मिलिसेकंदांचं असतं, बाहेरून कधी कळतही नाही. पण बरोबरपणा टिकतो तो यामुळेच.

जुना_राजवाडा

मॅडम, हे फार सुंदर उलगडलंत. मी ओरॅकलवर बरीच वर्षं काढली. तिथं कमिटचं काम एलजीडब्ल्यूआर या प्रोसेसकडे, पानं लिहायचं डीबीडब्ल्यूआरकडे आणि चेकपॉइंटची नोंद ठेवायचं सीकेपीटीकडे. तिन्ही कामं वेगळी आहेत हे तिथं प्रोसेसच्या यादीतच दिसतं.

आणि एक भर. आज बहुतेक डेटाबेस ज्या रिकव्हरीच्या विचारावर चालतात तो एरीज अल्गोरिदम १९९२ मध्ये आयबीएमच्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. मोहन आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, हे सांगताना मला नेहमी बरं वाटतं. एरीजचा चेकपॉइंट तर पानं लिहायचीही वाट बघत नाही. कोणती ट्रान्झॅक्शन चालू आहेत आणि कोणती पानं अजून डिस्कवर पोचली नाहीत, ती कधीपासून, या दोन याद्या लॉगमध्ये टाकल्या की झाला चेकपॉइंट. क्रॅशनंतर तीन फेऱ्या. याद्यांवरून अंदाज घ्यायचा, सगळं पुन्हा लागू करायचं, अर्धवट ट्रान्झॅक्शनचंसुद्धा, आणि शेवटी अर्धवट असलेलं उलटं फिरवायचं.

मायएसक्यूएलचं इनोडीबी याच घराण्यातलं. तिथं चेकपॉइंट म्हणजे अजून न लिहिलेल्या पानांपैकी सगळ्यात जुन्या बदलाचा एलएसएन. अर्धवट बदल मागे फिरवायला त्याच्याकडे अंडू लॉग असतो, आणि ते काम सर्व्हर वापरात आल्यावरही मागे चालू राहतं. फाटक्या पानांसाठी त्यांनी वेगळी वाट धरली: १६ केबीचं पान आधी डबलराइट बफरमध्ये लिहायचं, मग जागेवर.

शिरोली_नाका

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी एक सांगतो, कारण तिथं लांबलेलं ट्रान्झॅक्शन फार महागात पडतं. आमच्याकडच्या एका फाउंड्रीत ईआरपीचा लॉग फुगत फुगत ड्राइव्ह भरला. रिकव्हरी मॉडेल सिंपल, म्हणजे चेकपॉइंट झाला की लॉगचा जुना भाग मोकळा व्हायला पाहिजे. चेकपॉइंट होत होते, लॉग मोकळा होत नव्हता. सिस.डेटाबेसेसमधला लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा रकाना बघितला, तिथं ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन. कुणीतरी विंडोत बिगिन ट्रान करून घरी गेलेलं. अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे फिरवायला लॉगच लागतो, म्हणून त्याच्या पहिल्या नोंदीपासून पुढचा लॉग सर्व्हर सोडत नाही. चेकपॉइंट कितीही करा.

पोस्टग्रेसमध्ये उघडं ट्रान्झॅक्शन वॉल असा अडवत नाही, कारण मागे फिरवायला वॉल लागतच नाही. तिथं ते व्हॅक्यूमला अडवतं आणि मेलेल्या ओळी साचतात. त्यामुळे बिगिन करून विसरणं दोन्हीकडे वाईटच.

गगनबावडा_घाट

आम्ही वाडीवस्तीवरच्या संकलन केंद्रांसाठी मोबाईल ॲप करतो. रेंज नसते म्हणून फोनमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, रेंज आली की सर्व्हरला पाठवतं. वरचं सगळं वाचून वाटलं, एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी हे जसंच्या तसं धरू नये.

एसक्यूलाइटच्या वॉल मोडमध्ये बदललेली पानं वेगळ्या वॉल फाइलमध्ये जातात आणि चेकपॉइंटच्या वेळी तिथून मुख्य फाइलमध्ये कॉपी होतात. पण इथं फक्त कमिट झालेलीच पानं मुख्य फाइलमध्ये जातात. अर्धवट काम तिथं कधीच पोचत नाही. डिफॉल्टला वॉल १००० पानांचा झाला की चेकपॉइंट, म्हणजे ४ केबीच्या पानाला साधारण ४ एमबी.

दुसरा फरक धोक्याचा. सिंक्रोनस फुल असेल तर प्रत्येक कमिटला वॉल फाइल डिस्कवर पोचवली जाते, म्हणजे वर सांगितलं तसंच. पण वॉल मोडमध्ये वेग हवा म्हणून बरेच जण सिंक्रोनस नॉर्मल ठेवतात. त्यात कमिटच्या वेळी डिस्कची खात्री घेतली जात नाही, चेकपॉइंटच्या वेळीच घेतली जाते. ॲप बंद पडलं तरी काही होत नाही, पण फोनची पॉवर अचानक गेली तर शेवटच्या चेकपॉइंटनंतरच्या काही कमिट झालेल्या पावत्या जाऊ शकतात. फाइल बिघडत नाही, पण पावत्या गेल्या त्या गेल्या. म्हणजे इथं टिकणं चेकपॉइंटवरच येऊन ठेपतं. आम्ही पावत्यांच्या फाइलला फुल ठेवलंय, आणि ते तसंच राहणार.

आणखी एक. एखादा रीडर जुनं चित्र धरून बसला असेल तर चेकपॉइंट त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. स्क्रीनवर यादी दाखवताना कर्सर उघडा राहिला की वॉल फाइल वाढत राहते. इथं मात्र चेकपॉइंट ट्रान्झॅक्शनसाठी चक्क खोळंबतो, तेही नुसत्या वाचणाऱ्या.

बिंदू_चौक

ही माहिती आधी मिळायला हवी होती. पोस्टग्रेसमध्येही असं ढिलं सेटिंग आहे का, की कमिट म्हणेल झालं आणि डिस्कवर गेलेलं नसेल?

शिरोली_नाका

आहे. सिंक्रोनस_कमिट ऑफ. तेव्हा कमिट डिस्कची वाट न बघता परत येतं आणि वॉल रायटर थोड्या वेळानं लिहितो. वॉल_रायटर_डिले डिफॉल्टला २०० मिलिसेकंद, त्याच्या जास्तीत जास्त तिप्पट, म्हणजे ०.६ सेकंदांमधली कमिटं जाऊ शकतात. यातही डेटाबेस बिघडत नाही. दर तासाचं तापमान नोंदवायला चालेल, पावतीला नको.

एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पोचल्याची खात्री घ्यायचं सेटिंग) ऑफ हे वेगळं प्रकरण आहे. त्यात लॉग आधी, पान नंतर हा मॅडमनी सांगितलेला नियमच डिस्कवर पाळला जाईल याची खात्री राहत नाही. लाईट गेली तर अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. वडणगेकर, कॉन्फिगमध्ये कुणी हे करून ठेवलंय का ते आज बघा.

वडणगेकर

बघितलं. दोन्ही ऑन आहेत, फुल_पेज_राइट्सही ऑन.

टेस्ट मशिनवर चेकपॉइंटची ओळ काढून पावत्यांचा लोड दिला. सर्व्हरच्या लॉगमध्ये आधी प्रत्येक पावतीला ‘इमिजिएट फोर्स वेट’ असा चेकपॉइंट दिसायचा, आता वेळेवर येणारा एकच दिसतो. वॉल_एफपीआय तर एकदम खाली आलंय. लोड चालू असताना मध्येच प्लग काढला, रिकव्हरी लगेच झाली, स्क्रीनवर आलेल्या सगळ्या पावत्या टेबलात सापडल्या.

आणखी एक लक्षात आलं. चेकपॉइंट चालवायला अधिकार लागतो म्हणून की काय, ॲप्लिकेशन पोस्टग्रेस याच सुपरयुजरनं लॉगिन करत होतं.

शिरोली_नाका

ते पहिलं बदल. वेगळा युजर कर, फक्त लागतील तेवढ्या टेबलांचे अधिकार दे. १५ मध्ये पीजी_चेकपॉइंट हा वेगळा रोल आलाय, म्हणजे चेकपॉइंटसाठीसुद्धा सुपरयुजर लागत नाही. तुला तर तोही नको.

जुना_राजवाडा

वडणगेकर, प्लग काढून बघितलंत हे उत्तम. पण टेस्ट मशिनची डिस्क वेगळी, संस्थेच्या पीसीची वेगळी. वर आम्ही जे सगळं सांगितलं ते डिस्क खरं बोलते या गृहीतावर. काही डिस्क आपल्या कॅशमध्ये घेऊनच ‘पोचलं’ म्हणतात. मग कमिटही खोटं आणि चेकपॉइंटही खोटा. शेवटी चेकपॉइंटची ओळ ठेवून काय मिळणार होतं? ती कमांडही त्याच डिस्कवर विसंबून आहे.

पोस्टग्रेसबरोबर पीजी_टेस्ट_एफसिंक हे टूल येतं. ते संस्थेच्या पीसीवर, संकलन नसताना चालवा. साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क असेल तर ती सेकंदाला १२० फेरे घेते. एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहून खात्री घ्यायची तर आकडा त्याच्याच आसपास यायला हवा. हजारोंत आला तर कॅश मध्ये आहे. एसएसडीला हा हिशोब लागू नाही, तिथं पॉवर गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर मॉडेलमध्ये आहेत का ते बघावं लागतं, घरगुती मॉडेलमध्ये बहुधा नसतात.

विंडोजवर वॉल_सिंक_मेथड (वॉल डिस्कवर कसा पोचवायचा हे ठरवणारी सेटिंग) डिफॉल्टला ओपन_डेटासिंक असते आणि ती डिस्कच्या राइट कॅशला ओलांडत नाही. डिव्हाइसच्या पॉलिसीमध्ये जाऊन राइट कॅशिंगची खूण काढा, नाहीतर ही सेटिंग एफसिंक_राइटथ्रू करा. कमिट थोडं सावकाश होईल, पण चेकपॉइंटची ओळ गेल्यामुळे जो वेळ वाचलाय त्यापुढे ते काहीच नाही. आणि यूपीएसची बॅटरी खरंच टिकते का, तेही बघून या.

वडणगेकर

काका, वॉल_सिंक_मेथड आत्ता बघितली, ओपन_डेटासिंकच आहे. पीसीत साधी हार्ड डिस्क आहे. उद्या सकाळचं संकलन आटोपलं की टेस्ट चालवतो आणि सेटिंग बदलायच्या आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे इथं टाकतो.